चौथऱ्यावर कोण, पायाशी कोण

पुतळा बघायचा तर आधी त्याच्या पायाशी बघावं. वर बघा म्हणून सगळेच सांगतात. घोडा, तलवार, टोपी, आभाळाकडं रोखलेलं बोट. पण खाली कुणाला लोळवलंय, कुणाला हात जोडून बसवलंय, कुणाला मुळी घेतलंच नाही, ह्यावरून तो पुतळा कुणाच्या पैशातनं झाला ते लगेच कळतं.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात असं एक शिल्प १८९४ पासून २०१८ पर्यंत उभं होतं. शहराच्या मुख्य कचेरीजवळ पायोनियर मॉन्युमेंट नावाचं एक दांडगं स्मारक आहे. पायोनियर म्हणजे आधी येऊन वस्ती करणारे. जमिनीच्या व्यवहारात गब्बर झालेल्या जेम्स लिक नावाच्या माणसानं मृत्युपत्रात पैसा ठेवला, फ्रँक हॅपर्सबर्गर ह्या शिल्पकारानं स्मारक घडवलं. मधोमध उंचावर कॅलिफोर्नियाची देवी, तिच्याजवळ अस्वल. चारी बाजूंना ब्राँझची शिल्पं. त्यातल्या एका गटाचं नाव ‘अर्ली डेज’, म्हणजे सुरवातीचे दिवस. त्यात तीन माणसं. एक पाद्री, वर बोट करून स्वर्ग दाखवतोय. एक गुरं राखणारा स्पॅनिश स्वार, जिंकल्याच्या ऐटीत. आणि त्या दोघांच्या पायाशी, जमिनीवर, अर्धा उघडा, कोसळलेला तिथला मूळचा माणूस.

सुरवातीचे दिवस. कुणाच्या सुरवातीचे? त्या जमिनीवर रामायटुश ओलोनी लोक हजारो वर्षं राहात होते. १७७६ साली तिथं स्पॅनिश लोकांचं मिशन आलं. ज्याचे दिवस संपवले त्यालाच पायाशी घालायचं नि वर नाव द्यायचं, सुरवातीचे दिवस. ही भाषा आपल्या ओळखीची आहे, दोस्तहो. आपल्याकडंही राक्षस, दैत्य, असुर म्हणून कोण कोण कुणाच्या पायाखाली आहेत ते जोतीरावांनी केव्हाच उकलून दाखवलंय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर कामाला आहे. शाळा नववीत सुटली. जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर, रद्दीच्या दुकानातनं, विहारातल्या कपाटातनं नि आता मोबाईलवर. इंग्रजी अडखळत वाचतो, अडलं की शब्दाचा अर्थ तिथंच बघतो. आमच्या वस्तीतल्या एका भिंतीचं प्रकरण झालं, ते पुढं सांगतो. त्या प्रकरणानंतर डोक्यात एकच भुंगा होता. शहराच्या भिंतीवर, चौकात, बागेत कोण दिसणार हे ठरवतं कोण? कुठल्या खोलीत बसून ठरवतं? नि त्या खोलीला दार आहे का? हे शोधता शोधता मी ह्या परक्या शहराच्या कला आयोगापाशी जाऊन पोचलो.

१९३२ साली त्या शहराच्या सनदेत हा आयोग घातला गेला. सभासद महापौर नेमतो. चित्रकार, शिल्पकार, इमारतींचे नकाशे काढणारे, लेखक, नाचणारे-गाणारे आणि थोडे साधे नागरिक. शहराच्या मालकीच्या जागेवर पुतळा बसवायचा, हलवायचा, काढायचा, भिंतीवर मोठं चित्र काढायचं, तर आयोगाची मंजुरी लागते. सरकारी इमारतीचा आराखडासुद्धा यांच्यापुढं जातो. १९६९ साली कायदा झाला की शहर जी सार्वजनिक बांधकामं करील त्यांच्या खर्चातले दोन टक्के कलेवर घालायचे. विमानतळ बांधला तरी, दवाखाना बांधला तरी. आज शहराच्या मालकीच्या कलाकृती चार हजारांच्या वर आहेत.

त्याच्या आधी, १९६७ साली, आयोगानं वस्त्या-वस्त्यांतून कला नेण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातनं पुढं काळ्या लोकांच्या, लॅटिनोंच्या भागात शहराच्या पैशानं सांस्कृतिक केंद्रं उभी राहिली. मिशन नावाच्या भागात तर एका जुन्या फर्निचरच्या दुकानाचंच केंद्र केलं. आणि १९७२ पासून रस्त्यावर बसून हातानं केलेल्या वस्तू विकणाऱ्यांना हाच आयोग परवाना द्यायला लागला. परवान्याची अट मला फार आवडली. वस्तू तू स्वतः करतोस ना? मग आमच्यासमोर करून दाखव. डिग्री नाही, वशिला नाही, बापाचं आडनाव नाही. हात दाखव. आपल्याकडं ज्याचे हात चालतात त्याला कारागीर म्हणतात नि जो त्याच्यावर भाषण करतो त्याला कलावंत. चांभाराची चप्पल, मातंगाचा दोर, बुरुडाची टोपली, कोष्ट्याचं लुगडं हे सगळं प्रदर्शनात आलं की लोककला, नि रस्त्यावर आलं की अतिक्रमण.

हे वाचून कुणाला वाटेल हा गडी अमेरिकेला भुलला. भुललेलो नाही. हा आयोग काही बोधिसत्त्वांचा संघ नव्हे. तो पाद्री त्यांच्या नाकासमोर दशकानुदशकं उभा होता. मला तिथं थांबवलं ते निराळ्याच गोष्टीनं. आयोगाची सभा उघडी असते. सभेपुढचे विषय ७२ तास आधी जाहीर करावे लागतात. आणि त्या सभेत कुणीही उठून बोलू शकतो. बोलण्यासाठी नाव सांगायची सक्ती नाही. प्रत्येकाला साधारण तीन मिनिटं.

तीन मिनिटं म्हणजे काय ते मला विचारा. तीन मिनिटांत रिंगफ्रेमच्या एका बाजूनं फेरी होते. शेकडो चात्या फिरत असतात, त्यातला कुठला धागा तुटलाय ते नजरेनं हेरायचं, बॉबिन थांबवायचं, टोक शोधायचं, जोडायचं, पुढं. मुकादमाला वाटतं आपण नुसतं चालतोय. तीन मिनिटांत बरंच काही जोडता येतं. आणि जे बोललं ते नोंदवलं जातं. माझ्या वडलांची हयात गिरणीत गेली, पण त्यांचं एक वाक्य कुठल्या कागदावर नाही. अंगठा आहे. वाक्य नाही.

तर ह्या तीन-तीन मिनिटांची लढाई कशी चालली ते बघा.

१९९३ साली शहराला नवं ग्रंथालय बांधायचं होतं, म्हणून ते स्मारक सरकवायचं ठरलं. मूळच्या लोकांनी तेव्हाच सांगितलं, सरकवता कशाला, हा पाद्रीचा गट काढूनच टाका. काढला नाही. तडजोड म्हणून पाटी लावायची ठरली. पाटीच्या मजकुरात लिहिलं होतं की मिशनच्या काळात इतकी माणसं मेली, रोगानं, हल्ल्यांनी, छळानं. मग तिथले आर्चबिशप उठले, स्पेनचे वकिलातवाले उठले. आमची बदनामी होते म्हणाले. शब्द मवाळ केले गेले. म्हणजे ब्राँझचा माणूस जमिनीवर लोळतोय त्यानं कुणाची बदनामी होत नव्हती. तो का लोळतोय हे अक्षरांत लिहिलं तेव्हा झाली.

ही पाटीची युक्ती लक्षात ठेवा. व्यवस्थेला दगड हलवायचा नसला की ती पाटी लावते. आपल्याकडंही लावते.

पुढं वीसेक वर्षं तसंच. मग २०१७ च्या ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिल गावात गोऱ्यांच्या वर्चस्ववाद्यांनी एका जुन्या सेनापतीच्या पुतळ्यावरून धुडगूस घातला, एक बाई मारली गेली. देशभर पुतळ्यांचा प्रश्न पेटला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मूळच्या लोकांनी जुनी मागणी पुन्हा वर काढली. म्हातारी माणसं आली, पोरं आली, आपापली तीन मिनिटं बोलली. ५ मार्च २०१८ ला कला आयोगानं एकमतानं ठराव केला, हे शिल्प काढायचं. झालं? नाही झालं. बाहेरगावच्या एका वकिलानं अपील केलं. १८ एप्रिलला अपील मंडळानं पाच विरुद्ध शून्य असा आयोगाचा ठराव रोखला. पाच विरुद्ध शून्य! आपल्यातला कुणी असता तर म्हणाला असता, बघा, शेवटी सगळे एकच. घरी बसला असता. ते बसले नाहीत. फेरसुनावणी मागितली, पुन्हा आले, पुन्हा तीच तीन मिनिटं. १२ सप्टेंबरला त्याच मंडळानं आपला निर्णय फिरवला. १४ सप्टेंबर २०१८ ला उजाडायच्या आत क्रेन आली. तो पाद्री, तो स्वार नि पायाशी पडलेला माणूस, तिघंही उचलून गोदामात नेले.

बाकीचं स्मारक जागेवर राहिलं. देवी आहे, अस्वल आहे, सोनं खणणारे आहेत. फक्त एक चौथरा मोकळा झाला.

आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये त्या मोकळ्या चौथऱ्यावर मूळच्या जमातींची माणसं चढली. आयोगाच्याच पुढाकारानं. बायका, लेकरं, आज्या, आपापल्या पोशाखात. एकेकाचे फोटो काढले. ते फोटो मी मोबाईलवर बोटांनी मोठे करकरून बघितले. कुणी हसत नव्हतं असं नाही, हसतही होते. पण पाय कसे रोवून उभे होते! मला माझी आज्जी आठवली. तिचा एकही फोटो नाही. तिला कुणी चौथऱ्यावर काय, ओट्यावर चढू दिलं नव्हतं.

आता आमच्या भिंतीचं.

गिरणीच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. वस्ती नि मोठा रस्ता ह्यांच्यामध्ये पालिकेची एक लांब भिंत आहे. तिच्यावर वर्षानुवर्षं मूळव्याधीच्या नि कोचिंग क्लासच्या जाहिराती. गेल्या साली आमच्यातल्या तीन पोरांनी वर्गणी काढून ती भिंत पांढरी केली नि रंगवली. एकजण नंबरप्लेटा रंगवतो, एकजण सेंट्रिंगवर जातो, तिसरा कॉलेजला. सावित्रीमाई नि फातिमा शेख शेजारी शेजारी. पुढं बाबासाहेबांची लायब्ररी. नि शेवटी, आमच्या रस्त्याच्या तोंडाशी, रिंगफ्रेमवर उभी एक बाई. डोक्याला कापसाचा भुरा, हातात बॉबिन, नजर धाग्यावर. चेहरा कुणाचा असं नाही, पण वस्तीतली प्रत्येक बाई म्हणायची, माझाच काढलाय.

चार महिने ती भिंत राहिली. मग एका सकाळी मी रात्रपाळी करून आलो तर ठेकेदाराची माणसं शिडी लावून. सावित्रीमाई अर्ध्या गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत भिंतीवर मोर, कमळाचं तळं, एक हसरा कचऱ्याचा डबा नि स्वच्छतेचं वाक्य. त्यात शुद्धलेखनाची चूक.

पालिकेत गेलो. साहेब वाईट वागले नाहीत, खुर्ची दिली. हेच जास्त लागतं कधी कधी.

‘‘अरे, शहर सुंदर करायचंय. वरनं तपासणीला लोक येतात, मार्क मिळतात शहराला. नि तुमचं ते चित्र म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका, कलेच्या दृष्टीनं काही नव्हतं. समितीनं ठरवलंय.’’

‘‘साहेब, समितीत कोण कोण हायत?’’

‘‘ते कळून तुम्हाला काय करायचंय?’’

बाहेर आलो तर आमच्या वस्तीची आक्का पायरीवर बसलेली. सत्तरीची, गिरणीत वायंडिंगला आयुष्य घातलेली. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘आरं बाळा, मोरच बरा त्यास्नी. मोर काय पगारवाढ मागतोय व्हय? काढायची झाली तर परवानगी काढा म्हनत्यात. पुसताना कुनाची काढली?’’

आक्काच्या ह्या प्रश्नावर मी कितीतरी रात्री घालवल्या. काढायला परवानगी नि पुसायला कुणाची नाही.

‘कलेच्या दृष्टीनं’ हा शब्द मी तेव्हापासून फोडून बघतोय. ही दृष्टी कुणाच्या डोळ्यांत असते? जन्मानं येते, की नेमणूकपत्रानं? आमच्या कवितांनाही हेच सांगितलं गेलं होतं. भाषा शुद्ध नाही, घाट नाही, आक्रोश आहे, कला नाही. मग त्या कविता त्यांच्याच अभ्यासक्रमात लागल्या, तेव्हा त्यांत घाट कसा काय आला? घाट तिथंच होता. बघणारे बदलले होते, कारण आपली माणसं लढून त्या खोल्यांत शिरली होती.

पुतळ्यांचं आपल्याकडं कसं चालतं ते सगळ्या कार्यकर्त्यांनी एकदा नीट बघून ठेवलं पाहिजे. नुसता चौथरा बांधून भागत नाही. पोलिसांचं ना-हरकत लागतं. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर, रहदारीच्या जागी पुतळ्याला परवानगी द्यायची नाही. नियमाला माझा विरोध नाही. बेढब पुतळे मीही बघितलेत, बाबासाहेबांचा चष्मा नाकावरनं उतरलेला नि बोट भलतीकडंच. पण ह्या साऱ्या कागदांच्या प्रवासात ज्या वस्तीत तो पुतळा उभा राहायचा तिथल्या माणसाला तीन मिनिटं कुठं आहेत? मी तरी कुठं बघितली नाहीत. फाईल साहेबाकडनं साहेबाकडं जाते. वस्ती मोर्चा काढते. मोर्चात घोषणा असतात, पण मोर्च्याचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही. लिहिलं तर पोलीस लिहितात.

आणि इकडं पुतळा म्हणजे काय असतो ते ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात सगळ्या देशानं बघितलं. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलीस दलानं गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. तमिळनाडूत बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी जाळीत ठेवावे लागतात. पिंजऱ्यात. ज्यानं देशाची घटना लिहिली त्याला पिंजरा नि ज्यांच्यापासून त्याला धोका तो मोकळा! म्हणून कुणी ‘पुतळ्याचं काय एवढं, तो दगड आहे’ असं म्हणालं की मला त्या माणसाचं आडनाव विचारावंसं वाटतं. दगड त्याच्यासाठी असेल.

हे आमच्यातलेही काहीजण म्हणतात. युनियनचं काम करणारा माझा एक मित्र आहे, जिवाचा. तो म्हणतो, ‘‘तू भिंती नि पुतळे कर. इथं आठ तासाचे बारा झालेत, पीएफ भरत नाहीत, बाया कायम होत नाहीत, नि तू मोराशी भांडतोस.’’ त्याचं खोटं नाही. पण मी त्याला म्हणालो, गड्या, ती भिंत होती तेव्हा गेटवर मीटिंग कुठं भरायची? त्या बाईच्या चित्राखाली. ‘बाईपाशी जमा’ एवढं सांगितलं की पुरत होतं. आता ‘मोरापाशी जमा’ म्हणून बघ कोण येतंय. तो हसला, पण उत्तर दिलं नाही.

भिंत गेल्यावर मी एकदा कोल्हापूरला बिंदू चौकात जाऊन बसलो. ९ डिसेंबर १९५० ला तिथं जोतीराव फुले नि बाबासाहेब यांचे पुतळे बसवले गेले. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेतला. तेव्हा बाबासाहेब हयात होते, दिल्लीत कायदेमंत्री होते. जिवंत माणसाचा पुतळा, तोही आमच्या माणसाचा, भर चौकात! कलेच्या दृष्टीनं हे पुतळे कसे हे मी बघितलंच नाही खरं सांगायचं तर. मी पायाशी बघितलं. पायाशी कोणी लोळलेलं नव्हतं. दोन बाया भाजीची टोपली घेऊन टेकल्या होत्या नि एक पोरगं वडापाव खात होतं.

आता कुणी म्हणेल, मग आयोग कशाला नि समिती कशाला, आपण आपलं उभारावं, आपलं रंगवावं. ह्याही बाजूला वजन आहे. सॅन फ्रान्सिस्कोसमोर खाडी आहे, खाडीपलीकडं ओकलंड. १९६६ साली तिथं ब्लॅक पँथर जन्मली नि तिच्या नावावरनं १९७२ साली मुंबईत दलित पँथर. ब्लॅक पँथरच्या वर्तमानपत्राची चित्रं काढायचा एमरी डग्लस. त्याची चित्रं ओकलंडच्या भिंतींवर चिकटवली जायची. त्यासाठी त्यानं कुठल्या आयोगापुढं नमुना ठेवला नव्हता. खिशात दमडी नसलेल्या माणसाचं कलादालन म्हणजे भिंत. आयोगाची वाट बघत बसलं की चित्रातला दात आधी पडतो, मग नखं पडतात, मग मंजुरी येते. हा धोका मला दिसतो. पैसा देणारा हात ब्रशही धरायला बघतो.

तरीपण. रात्री चिकटवलेलं सकाळी फाडता येतं, नि फाडणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. आमची भिंत तशीच गेली. भिंत रंगवायला तीन पोरं लागतात. ती टिकवायला कागद लागतो, नि कागद त्या खोलीत होतो. म्हणून त्या खोलीत आपली खुर्ची पाहिजे, नि खुर्ची मिळेपर्यंत निदान उभं राहून बोलायची तीन मिनिटं पाहिजेत.

नुसती खुर्ची मिळाली म्हणजे झालं असंही नाही, ह्याला त्याच शहरातली एक गोष्ट सांगतो. २०१८ साली तिथं ठरलं, सार्वजनिक जागेत ज्या खऱ्या माणसांची चित्रं-पुतळे आहेत त्यांत निदान तीस टक्के स्त्रिया असाव्यात. पहिलं स्मारक माया अँजेलोचं करायचं. ही मोठी कवयित्री, पण मला तिची दुसरी ओळख जवळची. किशोरवयात ती ह्याच शहरात ट्रामवर कंडक्टर होती. काळ्या पोरीला अर्ज देईनात, तर ती रोज त्या कचेरीत जाऊन बसून राहिली नि नोकरी घेऊन उठली. तर तिच्या स्मारकासाठी निवड मंडळानं २०१९ साली लाव्हा थॉमस ह्या काळ्या शिल्पकार बाईचा नमुना निवडला. नऊ फुटी ब्राँझचं पुस्तक, त्यावर माया अँजेलोचा चेहरा. मग एका नगरसेविकेनं मोडता घातला. म्हणाली, नेहमीसारखा आख्खा उभा पुतळा पाहिजे, पुरुषांचे असतात तसा. नि आयोग वाकला! निवड रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे बघा, स्मारक काळ्या बाईचं, शिल्पकार काळी बाई, तरी तिनं आपल्या माणसाला कुठल्या आकारात बघायचं हे ठरवणार दुसरेच. लाव्हा थॉमस गप्प बसली नाही, कलावंत बायांनी तिची बाजू धरून सभा गाजवल्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये आयोगानं तिची जाहीर माफी मागितली, नोव्हेंबरात काम तिलाच दिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते ब्राँझचं पुस्तक उभं राहिलं. कुठं? ज्या नव्या ग्रंथालयासाठी तो पाद्री सरकवला होता, त्याच ग्रंथालयाच्या बाहेर.

सरकारी आयोग माफी मागतो, हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलंय. आपल्याकडं माफी मागायची सवय नेहमी खालच्याला.

आमच्या भिंतीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. २००५ चा कायदा, दहा रुपयाचा स्टॅम्प. तीन गोष्टी विचारल्या. सुशोभीकरण समितीचे सभासद कोण नि त्यांची नेमणूक कुणी केली. कुठल्या तारखेच्या सभेत आमची भिंत विषय म्हणून आली, त्या सभेचं इतिवृत्त. नि ठेकेदाराला मोरासकट किती रुपये दिले. तीस दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

म्हणजे सभा झालीच नसावी. समिती म्हणून कुणी एकजण खुर्चीत बसून ‘बरं दिसत नाही, पुसा’ म्हणाला असावा. आम्ही पहिलं अपील केलंय. सोबत वस्तीतल्या सह्यांचा दुसरा अर्ज जोडलाय. मागणी एवढीच: वस्तीलगतच्या कुठल्याही सार्वजनिक भिंतीचा, चौथऱ्याचा, बागेचा निर्णय घ्यायच्या आधी वस्तीत सूचना लावा, उघडी सभा घ्या, जो येईल त्याला बोलू द्या, नि तो काय बोलला ते लिहून ठेवा. सही करताना आक्कानं विचारलं, ‘‘मी काय बोलू रं तिथं?’’ म्हटलं, मोराचं बोला. तीन मिनिटं बोला.

‘‘तीनच?’’ ती म्हणाली. ‘‘माझं न्हाई भागायचं तेवढ्यात.’’

सुनावणी पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी अडीचला आहे. दुसऱ्या पाळीवाल्यांनी आत्ताच बदली बघून ठेवावी. नंबरप्लेटवाल्या पोरानं त्या बाईचं चित्र पुन्हा कागदावर काढलंय, ह्या खेपेला शेजारी आणखी दोन बाया आहेत. तो कागद घेऊन जायचा आहे.